निळी भुकटी आणि मणक्यातली गादी

माणसाच्या कण्यात मणक्यांच्या मधे 23 गाद्या असतात, आणि वयात आलेल्या माणसाच्या गादीच्या गाभ्यात एकही रक्तवाहिनी नसते. गाभ्याच्या मध्यावरच्या पेशीपासून जवळात जवळची केशवाहिनी सात-आठ मिलिमीटर दूर असू शकते. पेशीच्या मापाने हे अंतर म्हणजे परगाव. ऑक्सिजन आणि साखर वरखालच्या मणक्यांतून, कूर्चेच्या पातळ थरातून झिरपत येईल तेवढीच मिळते. अशा उपासमारीत मोजक्या पेशी अख्खी गादी सांभाळतात. त्या बनवत असलेली ॲग्रेकॅन नावाची प्रथिनं पाणी धरून ठेवतात. दिवसभराच्या भाराने त्यातलं काही पाणी पिळून निघतं आणि रात्री पुन्हा शोषलं जातं, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते.

वय वाढतं तसा तो कूर्चेचा थर कडक होतो आणि झिरपणं कमी होतं. पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, बिघडले की त्यांतून इलेक्ट्रॉन गळतात, ते ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे तापट रेणू तयार होतात. त्यांना आवरायला पेशीकडे स्वतःची विकरं (एन्झाइम) असतात. त्यांतलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे काम करतं याचा शोध 1969 साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी लावला. विकरं कमी पडली की पेशी गोंधळते आणि ॲग्रेकॅन बनवण्याऐवजी ते कापणारी विकरं सोडू लागते. मग पाणी जातं, गादी बसते, आणि एमआरआय बघून डॉक्टर सांगतात, ‘मणक्यात गॅप आलाय.’

मग अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे असे तापट रेणू शमवणाऱ्या पदार्थांच्या, गोळ्या घेतल्या तर? जिथे रक्तच पोचत नाही तिथे गोळी फारशी पोचणार नाही. शिवाय व्हिटॅमिन सीचा रेणू आगकाडीसारखा असतो, एकदा पेटला की संपला. पेशीने त्याला पुन्हा तयार करावं लागतं. गोळ्या निरुपद्रवी असतात हा समजही तपासून घ्यायला हवा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निकाल 1994 साली आले, तेव्हा बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला.

म्हणून संशोधकांना असा कण हवा होता जो काम करताना खर्ची पडत नाही. त्यासाठी सिरियम ऑक्साइड, फुलरिन असे बरेच उमेदवार आहेत. मला त्यांतला सगळ्यांत गमतीदार वाटतो तो प्रशियन ब्लू. 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेलेल्या एका रंगाऱ्याच्या हातून हा गर्द निळा रंग अपघाताने तयार झाला. पुढे तो औषधही झाला. 1987 साली ब्राझीलमधल्या गोयानियात टाकून दिलेल्या यंत्रातलं किरणोत्सारी सीझियम लोकांच्या पोटात गेलं, तेव्हा ते शरीराबाहेर काढायला हीच निळी भुकटी दिली गेली.

या रंगाच्या स्फटिकात लोह दोन रूपांत असतं, आणि एका रूपातून दुसऱ्यात जाताना ते इलेक्ट्रॉन घेऊ-देऊ शकतं. त्यामुळे नॅनोमीटरच्या मापाचे त्याचे कण सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड दोन्ही निकामी करतात आणि पुढच्या फेरीला पुन्हा तयार राहतात. 2022 साली चिनी संशोधकांनी हे कण उंदरांच्या गाद्यांवर वापरून पाहिले. झीज कमी झाली. शिवाय पेशीच्या स्वतःच्या डिसम्युटेजची मोडतोडही या कणांनी थांबवलेली दिसली. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण तिथे कण पेशीचं काम हिसकावून घेत नाही, तिलाच उभं करतो.

अडचणी मात्र साध्या नाहीत. कण गाभ्यात न्यायचे तर सुई टोचावी लागते, आणि सुईनेच गादी खराब होते. 2009 साली कॅरागी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तपासणीसाठी टोचलेल्या गाद्या दहा वर्षांत न टोचलेल्या गाद्यांपेक्षा जास्त झिजल्या होत्या. उंदरांवरच्या बहुतेक प्रयोगांत गादी ‘झिजवतात’ तीही शेपटीतल्या गादीत सुई खुपसूनच!

टोचायचं कुणाला, हाही प्रश्न आहेच. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय पाहिले तर विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. रिपोर्टवर ‘एल-फोर, एल-फाइव्ह’ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) वाचून हबकणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं. झीज दिसली म्हणून कण टोचायचे ठरवलं तर म्हाताऱ्यांत जवळजवळ कुणीच सुटणार नाही.

आणि उंदीर. त्याची गादी इतकी छोटी, की झिरपण्याचं अंतर नगण्यच. गर्भावस्थेत गादी घडवणाऱ्या मोठ्या नोटोकॉर्डल पेशी माणसात बालपणीच जवळपास नाहीशा होतात; उंदरात त्या मोठेपणीही टिकतात. उंदराची गादी सावरली म्हणजे आपली सावरेल असं म्हणूनच धरता येत नाही. आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्यांत या पेशी लहानपणीच जातात आणि त्यांच्या गाद्या कुणी न टोचताच झिजतात, इतक्या की गादी फुटून मागचे पाय लुळे पडलेले डॅशहुंड पशुवैद्यांना नेहमीचे आहेत. निळ्या कणांची खरी परीक्षा तिथे व्हायला हवी.