दुबार मतदार (ठाणे व नवी मुंबई)

एकाच व्यक्तीचे नाव मतदार यादीत दोन ठिकाणी असले की तिला दुबार मतदार म्हणतात. दुबार नोंद आणि दुबार मतदान या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी प्रचाराच्या भाषणांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० ची कलमे १७ व १८ दुहेरी नोंदीला मनाई करतात. दोन मतदारसंघांत मत दिल्यास १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही मते बाद ठरतात.

या भागात दुबार नावे साठण्याचे मुख्य कारण लबाडीपेक्षा स्थलांतर हे आहे. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथल्या माथाडी कुटुंबांचे एक घर इथे, तर दुसरे सातारा-सांगलीकडे. गावचा सातबारा आणि ग्रामपंचायतीला भावकीत लागणारी चुरस यांपायी गावच्या यादीतले नाव कोणी काढत नाही. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्यात १७ एप्रिलला आणि ठाण्यात २४ एप्रिलला मतदान होते. तेव्हा नवी मुंबईतल्या माथाडी मेळाव्यात शरद पवार यांनी गावी मत देऊन, शाई पुसून पुन्हा इथे मत द्या, असे म्हटले. निवडणूक आयोगाने नोटीस काढली. आपण गमतीने बोललो, असा खुलासा पवारांनी केला. गंमत समोरच्यांना चटकन कळली, कारण दोन्हीकडे नाव असणे त्यांच्यासाठी नवे नव्हते.

दुसरे कारण घरबदल. नेरूळहून खारघर हार्बर मार्गावर तिसरे स्थानक. पण तेवढ्यात जिल्हा ठाण्याचा रायगड होतो, विधानसभा बेलापूरची पनवेल आणि लोकसभा ठाण्याची मावळ. अशा वेळी नमुना ८ हा पत्ता बदलल्याचा अर्ज भरायचा असतो, म्हणजे जुन्या ठिकाणचे नाव वगळले जाते. पुष्कळ जण मात्र नव्या मतदारासाठीचा नमुना ६ भरून मोकळे होतात आणि जुने नाव तसेच राहते.

सर्वांत अवघड प्रकार लग्न झालेल्या स्त्रियांचा. माहेरच्या यादीत वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, सासरी पतीचे नाव व नवे आडनाव. कधी पहिले नावही बदललेले. नावे जुळवून पाहणाऱ्या संगणकाला या दोन बायका वेगळ्याच वाटतात. उलट एकाच गावच्या एकाच आडनावाची, बापाचेही नाव सारखे असलेली दोन खरी माणसे त्याला संशयित दिसतात. शेवटी छायाचित्र पाहावे लागते, नाहीतर बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, जिने चढून घरी जावे लागते.

महापालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो आणि तीतले नाव वगळण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी त्याने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले. अशा मतदाराकडून, दुसरीकडे मत दिलेले नाही व देणार नाही, असे हमीपत्र घेण्याची सोय होती. ते लिहून दिले की मत देता येई. खरे-खोटे पाहायला केंद्राध्यक्षाजवळ मतदाराच्या बोटाखेरीज काही नव्हते, आणि त्या बोटावर बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर फिरवला जात होता. ही शाई पुसली जाते, अशा तक्रारी त्याच दिवशी राज्यभरातून आल्या.