माळरान पडीक नसतं!

‘माळ ओसाड पडलाय, झाडं लावा’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. मुळात ‘पडीक’ हा शिक्का इंग्रजांच्या महसुली नजरेचा: जी शेतसारा देत नाही, ती जमीन पडीक. सोलापूर-पुण्याकडच्या माळावर पावसाळ्यात गुडघे टेकून बघा. मुरमावरच्या वीतभर मातीत पवन्या, मारवेल, कुसळीच्या मुळ्यांचं घट्ट जाळं असतं; सेंद्रिय कर्ब तेच धरून ठेवतं. तिथे गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडियाचं) झाड लावलं की सावलीत ही ऊनवेडी गवतं मरतात. शिवाय गिरिपुष्प हवेतलं नत्र (नायट्रोजन) मातीत आणतं. शेताच्या बांधावर ते वरदानच, पण माळावर नत्र वाढलं की हलक्या मातीला सरावलेल्या गवतांच्या जागी मग तण माजू शकतं. आणि सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याची ओळख असलेला माळढोक पक्षी? तो अंडं घालतो उघड्या जमिनीवर, झाडीत नव्हे.