जुने सर्व्हर बॅकअप आणि डिस्कवरील जागा

सर्व्हरवर साचत जाणाऱ्या बॅकअप फायलींपैकी कोणत्या, किती काळ ठेवायच्या आणि बाकीच्या कधी काढायच्या, या नियोजनाला बॅकअप रिटेन्शन म्हणतात. रोज २० जीबीचा पूर्ण बॅकअप घेतला, तर ३० दिवसांत ६०० जीबी भरतात. बॅकअप आणि डेटाबेस एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर) असतील तर जागा संपताच डेटाबेसला नवे काही लिहिता येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस तर डब्ल्यूएएल फायलींना (प्रत्येक बदल आधी नोंदवणाऱ्या फायलींना) जागा उरली नाही की बंदच पडतो. म्हणून बॅकअपला वेगळे पार्टिशन हवेच आणि एक प्रत दुसऱ्या यंत्रावरही हवी.

लिनक्सवर एकूण जागा ‘डीएफ’ या कमांडने आणि फोल्डरनिहाय वापर ‘डीयू’ने पाहतात. दोन्हींचे आकडे जुळत नसतील तर बहुधा पुसलेली एखादी फाईल कुठल्यातरी प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) उघडी धरलेली असते. ती प्रोसेस बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ’ या कमांडने ती सापडते. लाखो बारीक फायलींमुळे आयनोड (प्रत्येक फायलीला लागणाऱ्या, मर्यादित संख्येच्या नोंदी) संपले, तर जीबी शिल्लक दिसत असूनही डिस्क भरल्याचीच तक्रार येते.

रूढ पद्धत अशी: रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२, मिळून २३ प्रती. प्रत्येकी २० जीबी धरल्यास ४६० जीबी होतात. जुनी प्रत काढण्याआधी नवी तयार होत असल्याने आणखी एका प्रतीची जागा सोडावी लागते आणि वाढत्या डेटासाठी वर काही राखावी लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे केवळ वय पाहून पुसणे. क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतली) बॅकअपची स्क्रिप्ट बंद पडली आणि पुसण्याची चालू राहिली, तर वयाची मुदत उलटताच शेवटची चांगली प्रतही जाते. पुसण्याची पायरी नव्या प्रतीची पडताळणी झाल्यावरच, त्याच स्क्रिप्टमध्ये यावी आणि किमान ठरावीक प्रती कायम राहतील अशी अट असावी. फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ कमांडमध्ये ‘एमटाइम +७’ ही वयाची अट लिहिल्यास किमान ८ पूर्ण दिवस जुन्या फायलीच सापडतात, कारण दिवसाचा अपूर्णांक सोडून दिला जातो. ‘डिलीट’ हा पर्याय अटींच्या आधी लिहिला तर सगळेच पुसले जाते. आधी नुसती यादी छापून पाहावी. साधी कॉपी केली की फाईलची तारीख बदलते, म्हणून तारीख फाईलच्या नावातच घालावी.

पडताळणी म्हणजे नुसती फाईल आहे का हे पाहणे नव्हे. डंपचा (डेटाबेसमधला डेटा फाईलमध्ये उतरवणाऱ्या कमांडचा) आउटपुट पाइपने थेट जीझिप या कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामला दिलेला असताना डंप सुरुवातीलाच फसला, तरी जीझिप यशस्वीच ठरतो आणि २० बाइटची रिकामी फाईल मागे राहते. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केल्यास ही चूक पकडली जाते. मायएसक्यूएलच्या डंपच्या शेवटी सहसा ‘डंप कम्प्लीटेड’ अशी ओळ येते. ती नसेल तर डंप अर्धवट आहे असे धरावे. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहून तपासल्यावर तिला खरे नाव द्यावे.

इन्क्रिमेंटल बॅकअपमध्ये (आधीच्या प्रतीनंतरचे बदलच साठवणाऱ्या) मूळ पूर्ण प्रत पुसली की तिच्यावर अवलंबून असलेली साखळी निकामी होते. त्यामुळे साखळी अख्खीच काढावी लागते. हार्ड लिंक (एकाच डेटाला अनेक नावे) वापरणाऱ्या, आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने घेतलेल्या प्रतींमध्ये उलट असते: कोणतीही प्रत निर्धास्त काढता येते, पण जागा फारच थोडी सुटते, कारण न बदललेल्या फायली इतर प्रतींशी जोडलेल्या असतात. रेस्टिक या बॅकअप प्रोग्राममध्ये ‘फर्गेट’ फक्त नोंद काढतो, जागा ‘प्रून’ केल्यावर सुटते. बोर्ग या दुसऱ्या बॅकअप प्रोग्रामच्या १.२ आवृत्तीपासून ‘प्रून’नंतर ‘कॉम्पॅक्ट’ही चालवावे लागते.

डिस्क १०० टक्के भरलीच, तर आधी अर्धवट राहिलेल्या तात्पुरत्या फायली काढाव्यात, मग जुन्या महिन्यांच्या प्रती दुसऱ्या यंत्रावर कॉपी करून चेकसम (फाईलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळल्यावरच इथून पुसाव्यात. भरलेल्या डिस्कवरच फाईल कॉम्प्रेस करू पाहणे फसते, कारण मूळ फाईल जाण्याआधी नवी लिहायला जागा लागते.