सेल्फ गेला, की सेल्फपर्यंत करंटच गेला नाही?

निफाड-लासलगाव पट्ट्यात हिवाळ्यात एक गोष्ट हमखास दिसते. दहा-पंधरा वर्षं जुनी डिझेल पिकअप रात्री घरासमोरच्या सपाटीवर उभी नसते. मुद्दाम उतारावर, रस्त्याकडे तोंड करून लावलेली असते आणि चाकाखाली दगड असतो. पहाटे कांदा घेऊन मार्केटला निघायचं असतं. सेल्फने, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरने, दगा दिलाच तर दगड काढायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. विचारलं तर मालक म्हणतो, "सेल्फ गेलाय, बदलायचाय." बऱ्याचदा तो गेलेला नसतो. नवा सेल्फ आणून बसवला जातो, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा उतार शोधायची वेळ येते.

असं का होतं, हे समजायला सेल्फ कसली मोटर आहे ते आधी पाहायला हवं. पूर्वी इंजिन हँडल मारून चालू करावं लागे आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी 1911 मध्ये विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि कॅडिलॅकच्या 1912 च्या मॉडेलमध्ये तो आला. त्याआधी अनेकांचं म्हणणं असं, की इंजिन फिरवू शकेल एवढी मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल. केटरिंग यांनी आधी दुकानांतल्या गल्ला-यंत्रासाठी विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांच्या लक्षात आलं होतं, की क्षणभरच काम करायचं असेल तर लहान मोटरवरही तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो. ती जळायच्या आत काम उरकलं म्हणजे झालं.

आजचा सेल्फही याच हिशेबावर चालतो. डिझेल पिकअपचा सेल्फ इंजिन फिरवताना दोनशे-अडीचशे अँपिअर सहज घेतो. पहिल्या झटक्याला त्याहून कितीतरी जास्त. दहा व्होल्ट आणि अडीचशे अँपिअर म्हणजे अडीच हजार वॅट. यातले निम्मे जरी उष्णतेत गेले, तरी हाताएवढ्या मोटरच्या आत घरातली एक मोठी इस्त्री पेटल्यासारखं आहे. आणि या इस्त्रीला थर्मोस्टॅट नसतो. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन वेळांच्या मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावं. जी गाडी पाच सेकंदांत चालू होत नाही, ती बहुतेकदा सलग तीस सेकंद मारूनही होत नाही. फक्त आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याचं, डाग दिलेलं काम वितळायला लागतं.

डिझेलला आणखी एक अडचण आहे. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की फवारलेलं डिझेल आपसूक पेटेल. जुन्या डिझेल इंजिनात हवा साधारण अठरा ते वीसपट दाबली जाते. पण हे झटपट व्हायला लागतं. सेल्फ रेंगाळत फिरला, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती पिऊन टाकतात आणि थोडी हवा रिंगांमधून निसटते. मग इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो, पण पेट घेत नाही. लोक पंपाला आणि नोझलला दोष देतात. मूळ गोष्ट एवढीच, की इंजिन पुरेशा वेगाने फिरत नव्हतं. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो त्या पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे सेल्फला जास्त जोर लागतो. आणि बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते, म्हणजे नेमका तेव्हाच करंट कमी मिळतो.

आता आवाज. चांगला इलेक्ट्रिशियन बॉनेट उघडायच्या आधीच अर्धं निदान कानाने करतो, त्यात जादू काही नाही.

किल्ली फिरवली की करंट आधी मोटरमध्ये नाही, तिच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या स्विचमध्ये, जातो. त्यात दोन गुंडाळ्या असतात: एक प्लंजर जोरात ओढून घेणारी, दुसरी ओढलेला प्लंजर धरून ठेवणारी. प्लंजर आत जाताना एका टोकाने बेंडिक्सची (सेल्फच्या पुढच्या सरकत्या भागाची) दातेरी चक्री पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, रिंग गिअरमध्ये बसवतो आणि दुसऱ्या टोकाने तांब्याची जाड चकती दोन बोल्टांवर दाबतो. चकती बसली की बॅटरीचा सगळा करंट मोटरमध्ये शिरतो आणि ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज मिळून ती गप्प होते. पुढे फक्त धरून ठेवणारी काम करते आणि ती तशी नाजूकच.

म्हणून बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल, तर "कट-कट-कट-कट" असा आवाज येतो. चकती बसते, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, नाजूक गुंडाळीला प्लंजर धरवत नाही, तो सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढला जातो. एका सेकंदात हे कित्येकदा होतं. हा आवाज आला की सेल्फ खोलायचा नाही. आधी बॅटरी आणि तिची टर्मिनलं बघायची.

एकच दणदणीत "टक्" आणि पुढे शांतता, तर दिवे लावून पुन्हा किल्ली फिरवा. दिवे तसेच झगझगीत राहिले, तर करंट मोटरमध्ये शिरलेलाच नाही: चकती जळून काळी पडली असेल किंवा कार्बन (आर्मेचरला करंट देणारे ठोकळे) झिजून कॉम्युटेटरपर्यंत, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या कड्यापर्यंत, पोचत नसतील. दिवे पार मंदावले, तर करंट ओढला जातोय पण फिरत काही नाही. बॅटरी तरी अशक्त आहे किंवा मोटर जाम आहे. किल्ली फिरवून टक् देखील नाही आणि दिवे छान, तर दोष किल्लीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरीत शोधायचा.

नुसतीच "घुंई" करून मोटर मोकळी फिरत असेल, तर बेंडिक्समधला एकदिशा क्लच घसरतोय. इंजिन चालू झाल्यावर त्याने मोटरला खेचून फिरवू नये म्हणून हा क्लच असतो. फ्लायव्हील आणि चक्री यांच्या दात्यांचं प्रमाण दहा-बारास एक धरलं, तर हजार फेऱ्यांवर चालणारं इंजिन सेल्फला दहा-बारा हजार फेऱ्यांनी गरगरवेल आणि आर्मेचरच्या तारा उसळून बाहेर येतील.

आणि "खर्रर्र"? तो कधी येतो, कधी नाही, म्हणून लोक चक्रावतात. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. कोणता ना कोणता पिस्टन हवा दाबायला निघालेला असतो आणि ती हवा त्याला मागे लोटते. त्यामुळे फ्लायव्हील जवळपास प्रत्येक वेळी अर्ध्या फेरीच्या अंतरावरच्या दोनच जागांपैकी एकीवर येऊन थांबतं. वर्षानुवर्षं बेंडिक्सचा पहिला ठोका तिथल्याच दात्यांवर बसतो आणि तेवढेच दाते झिजतात. ड्रायव्हर लोकांना यावरचा उपाय ठाऊक असतो: गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हाताने थोडी पुढे ढकलायची, की चांगले दाते समोर येतात. अशा गाडीला नवा सेल्फ घालणं म्हणजे नव्या बेंडिक्सचं वाटोळं करून घेणं. गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलायची, किंवा जुने मिस्त्री करतात तसं, ती तापवून सैल करायची आणि पाव फेरी फिरवून पुन्हा बसवायची.

पण सगळ्यात जास्त फसवतो तो दोष आवाजावरून कळत नाही. सेल्फ फिरतो, पण आळसावल्यासारखा. मीटर लावलं तर बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. टेस्ट लॅम्प सेल्फच्या बोल्टला लावला तर लख्ख पेटतो. मग सगळे सेल्फकडे बोट दाखवतात.

केबलच्या एखाद्या लगमध्ये (टोकाच्या धातूच्या कडीत) गंज चढून तिथला रोध 0.01 ओहम झाला असं धरू. स्वस्त मल्टीमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे रोध मोजायला गेलात तर मीटर काही सांगणार नाही. लॅम्पला जेमतेम दोन अँपिअर लागतात. तेवढ्याला या जागी 0.02 व्होल्ट कमी होतात, दिव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्याच जागेतून सेल्फचे दोनशे अँपिअर जायला लागले, की दोन व्होल्ट तिथेच गळतात आणि चारशे वॅट उष्णता त्या इवल्याशा लगमध्ये तयार होते. हाताला चटका बसतो, काळं इन्शुलेशन वितळून फुगतं. सेल्फच्या वाट्याला उरतं ते अपुरं व्होल्टेज. दोष असतोच, पण मोठा करंट वाहीपर्यंत दिसत नाही.

म्हणून मोजायचं ते सेल्फ मारतानाच. इंजिन पेट घेऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या शट-ऑफ (डिझेल बंद करणाऱ्या) सोलेनॉइडची वायर काढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि जोडीदाराला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर) आणि दुसरं सोलेनॉइडच्या जाड केबलच्या बोल्टवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर प्लसची वाट ठीक. मग एक टोक मायनस खांबावर, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडावर. इथे पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची वाट, खराब. माझ्या मते जुन्या पिकअपमध्ये सगळ्यात आधी अर्थिंगवर संशय घ्यावा, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि त्याला चासीशी जोडणारी ती एक पट्टी चिखल-पाण्यात सडत असते. शेवटी मारतानाचं बॅटरीचं व्होल्टेज पाहा. ते साडेनऊच्या वर टिकतंय, दोन्ही वाटा स्वच्छ आहेत आणि तरीही सेल्फ रेंगाळतोय, तेव्हा कुठे सेल्फ खरोखर दोषी ठरतो.

घाटात चहाला थांबल्यावर गाडी चालू होत नाही आणि अर्ध्या तासाने गुपचूप होते, यालाही असंच कारण असतं. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. एक्झॉस्टशेजारी बसलेला सोलेनॉइड 30 वरून 110 अंशांवर गेला, तर गुंडाळीचा रोध तीस टक्क्यांहून जास्त वाढतो आणि करंट जवळपास पाव हिश्शाने घटतो. प्लंजर ओढण्याचा जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो साठ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात किल्लीचा स्विच झिजून दीड-दोन व्होल्ट खात असेल तर प्लंजर हलतच नाही. अशा गाडीत सोलेनॉइडजवळ एक रिले (लहान करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) बसवला आणि त्याला थेट बॅटरीवरून जाड वायर दिली, की जुनाच सेल्फ पुन्हा धावतो.

सेल्फ काढायची वेळ आलीच, तर पहिला पाना बॅटरीच्या मायनसला. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. मायनस जोडलेला असताना प्लस सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पाना लाल होतो. मायनस आधी निघालेला असला की टेकला तरी काही होत नाही. गाडी उचलायची तर फक्त जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. सेल्फ दोन किंवा तीन बोल्टांवर असतो आणि डिझेलचा चांगलाच वजनदार. शेवटचा बोल्ट सोडताना खालून आधार नसेल तर तो छातीवर येतो. पान्याने सोलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करून गाडी चालू करायची सवय मात्र सोडावी. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे उभ्या माणसाच्या अंगावर जाते.

काढलेला सेल्फ बांधून घ्यायचा की नवा घ्यायचा? कॉम्युटेटर गोल आणि तांबूस असेल, तर कार्बन, बुश, चकती बदलून तो आणखी काही वर्षं चालतो. बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजून आर्मेचर भोवतीच्या पोलला, म्हणजे चुंबकी लोखंडाला, घासत असेल, तर लोखंडावर चकाकणारे ओरखडे दिसतात. ते वरवरचे असतील तोवर ठीक. जळका वास येत असेल तर खर्च करू नका. दुकानात टेबलावर भर्रकन फिरवून दाखवतात, त्यावर फार विसंबू नका. मोकळा सेल्फ कमी करंट घेतो, त्यामुळे जळकी चकती किंवा कमजोर कार्बन तिथे झाकून जातात. नव्याचे दाते आणि बोल्टांची जागा जुन्याशी ताडून घ्या. आणि बसवायच्या आधी त्याच्या तोंडावरचा, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या बाजूचा, रंग पॉलिश पेपरने घासून काढा, कारण करंट परत जातो तो त्याच चकचकीत लोखंडातून.

मग प्लस आधी, मायनस शेवटी जोडा आणि तेच मीटर त्याच जागी पुन्हा लावा. नवा सेल्फ बसूनही अर्थिंगवर पाऊण व्होल्ट दिसत असेल, तर जुना सेल्फ मोडीत द्यायची घाई करू नका.