चीरक की थिरथिरा? आधी शेपटी बघा

घट बसले की माझी नजर परसातल्या तारेच्या कुंपणाकडे जायला लागते. शिवारात सोयाबीनची रास चालू असते, ऊन अजून चटकत असतं, आणि एखाद्या सकाळी तारेवर एक मातकट पाखरू येऊन बसतं. शेजारच्या काकू म्हणतात, "ही चीरकाची मादी, बारमाही इथंच असते." पुष्कळदा त्यांचं बरोबरच असतं. पण या दिवसांत ती थिरथिऱ्याचीही मादी असू शकते, पार हिमालय-तिबेटाकडून आपल्या लिंबाखाली उतरलेली. तो पाहुणा ओळखू न येता मार्चअखेर परत जावा, याची मला खरोखर हळहळ वाटते.

घोटाळा होतो तो विटकरी रंगामुळे. दोघं साधारण चिमणीएवढे, दोघांच्या माद्या मातकट आणि दोघांच्याही शेपटीपाशी विटकरी. पण हा रंग नेमका कुठं आहे ते बघा. चीरकाची शेपटी काळपट असते. विटकरी रंग शेपटीच्या खाली, बुडाशी. शेपटी पाठीवर उभी धरायची त्याची सवय, म्हणून तो ठिपका लांबूनही दिसतो. थिरथिऱ्याची शेपटीच विटकरी असते, फक्त मधली पिसं गडद. उडताना ती पंख्यासारखी उघडते, तेव्हा शंकाच उरत नाही. आणि बसल्या जागी तो ती सारखी थरथरवतो. नावातच ती थरथर आहे.

नर ओळखणं सोपं. चीरकाचा नर पोटापर्यंत काळा, खांद्यावर पांढरा पट्टा. थिरथिऱ्याच्या नराची छाती काळी, पोट विटकरी, पांढरं कुठंच नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: शरदात त्याची पिसं नवी असतात आणि त्यांच्या कडा राखाडी, म्हणून तो धुळीत लोळून आल्यासारखा दिसतो. या कडा झिजत जातात आणि फाल्गुनापर्यंत खरा काळा रंग वर येतो. पुस्तकातल्या चित्राशी ऑक्टोबरचा नर जुळला नाही, तर बिचकू नका.

चालही वेगळी. चीरक जमिनीवर टुणटुण उड्या मारत, पडक्या भिंतीच्या कडेनं, माळवदावरून किडे टिपत फिरतो. थिरथिरा खुंटावर किंवा तारेवर बसून खाली पाहतो, झपकन उतरून किडा उचलतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येतो.

फोटो काढणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. थिरथिऱ्याच्या मागे पळू नका. त्याच्या खुंटावर फोकस लावून गप बसा. चीरकासाठी जमिनीला पोट टेकवा, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणा. ऊन तापायच्या आत काम उरका, कारण नंतरच्या पांढऱ्याफटक उजेडात चीरकाच्या काळ्यातली निळसर झाक हरवते. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला तर थिरथिऱ्याची शेपटी स्पष्ट येते, पण थरथर मात्र गोठते. फोटोत दोघांच्या माद्या सारख्या वाटतात त्या यामुळेही. म्हणून मी मोबाईलवर दहा सेकंदांचा व्हिडिओही घेतो. पाठमोरे फोटो लोक पुसून टाकतात. माझ्या मते तेच आधी जपावेत, शेपटीचा रंग त्यांतच नीट दिसतो.

संभाजीनगरच्या हिमायत बागेसारख्या जुन्या भिंती आणि झाडांची सावली असलेल्या जागी दोघांनाही शोधता येतं. परसात बोलवायचं असेल तर ज्वारी-बाजरी टाकून उपयोग नाही, दोघांचं मुख्य खाणं किडे. लिंबाखालचा पाला झाडू नका, पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि मोकळ्या जागेत कमरेएवढी एक वाळकी काठी रोवा. माझ्याकडची काठी तुरीची आहे, दरवर्षी दसऱ्याआधी रोवतो.