अन्न व गृहवस्तू वाटप ॲप : वापरकर्त्यांच्या गरजांचे आकलन

घरात उरलेले अन्न आणि वापरातून गेलेल्या वस्तू जवळपास राहणाऱ्यांना विनामूल्य देता-घेता याव्यात, यासाठी वाटप ॲप तयार केले जाते. असे ॲप आखण्यापूर्वी, आणि ते सुरू झाल्यानंतरही, ते कोण, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या अडचणीतून सुटण्यासाठी उघडतो याचा पद्धतशीर शोध घेण्याच्या प्रक्रियेस वापरकर्त्यांच्या गरजांचे आकलन असे म्हणतात. मानवकेंद्री आखणीविषयीच्या आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकात वापरकर्ते, त्यांची कामे आणि ती कामे ज्या परिस्थितीत होतात ती परिस्थिती स्पष्टपणे समजून घेणे हा आखणीचा पाया मानला आहे. वाटप ॲपच्या बाबतीत हा पाया घालणे विशेष अवघड असते, कारण देणारा आणि घेणारा हे दोघेही वापरकर्तेच असतात, दोघांमध्ये पैशाचा व्यवहार नसतो आणि आज देणारा माणूस उद्या घेणारा होऊ शकतो. खरेदी-विक्रीच्या ॲपमध्ये किंमत हा आकडा अनेक प्रश्न परस्पर सोडवतो. वस्तू चांगली आहे का, ती खरोखर हवी आहे का, ठरल्या वेळी कोणी येईल का, यांची उत्तरे त्यात दडलेली असतात. किंमत काढून टाकली की हे सगळे प्रश्न उघडे पडतात.

या विषयाला महत्त्व आले ते अन्नाच्या नासाडीमुळे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यापैकी सुमारे ६० टक्के घरांमधून टाकले गेले. दरडोई हिशेब केल्यास घरगुती नासाडी वर्षाला ७९ किलोग्रॅमच्या आसपास येते. या आकड्यात साली, देठ, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतील १२.३ हे लक्ष्य किरकोळ विक्री आणि उपभोग या टप्प्यांवरील दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे आहे. आकडा प्रचंड असला, तरी एका घरात एका वेळी टाकले जाते ते अर्धे पाकीट, दोन फळे, वाटीभर शिजवलेले अन्न. एवढ्याशा गोष्टीसाठी छायाचित्र काढणे, वर्णन लिहिणे, चार निरोपांना उत्तरे देणे आणि अनोळखी माणसाची वाट पाहणे हा खटाटोप कोणी का करावा, हा या क्षेत्रातील मूळ प्रश्न होय.

वाटपाची ऑनलाइन साधने स्मार्टफोनच्या आधीची आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे २००३ मध्ये सुरू झालेली फ्रीसायकल ही चळवळ ईमेल गटांवर चालत असे व तिचा भर गृहवस्तूंवर होता. जर्मनीत २०१२ मध्ये अन्नासाठी फूडशेअरिंग हे संकेतस्थळ सुरू झाले, तर अमेरिकेतच २०१३ मध्ये बाय नथिंग प्रकल्प फेसबुक गटांच्या रूपाने उभा राहिला. २०१५ मध्ये लंडनमध्ये टेसा क्लार्क आणि साशा सेलेस्टियल-वन यांनी सुरू केलेले ओलिओ हे ॲप गरजांच्या आकलनाच्या दृष्टीने बोधक आहे. घर हलवताना उरलेले चांगले अन्न देण्यासाठी क्लार्क रस्त्यावर माणूस शोधत फिरल्या आणि त्यांना तो सापडला नाही, या अनुभवातून ही कल्पना निघाली. तरीही संस्थापकांनी लगेच ॲप बांधायला घेतले नाही. आधी सर्वेक्षण केले. चांगले अन्न टाकताना जिवाला लागते असे त्यात सांगणाऱ्यांपैकी एकमेकांजवळ राहणारी, पण परस्परांना अनोळखी अशी १२ माणसे निवडली आणि त्यांचा व्हॉट्सॲप गट दोन आठवडे चालवून पाहिला. त्या गटात पहिल्यांदा दिली गेलेली वस्तू म्हणजे छोट्या कांद्यांची अर्धी पिशवी. सर्वेक्षणात लोक काय म्हणतात आणि प्रत्यक्ष पिशवी उचलून दुसऱ्याच्या दारी जातात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत याची जाण या छोट्या प्रयोगात दिसते. ॲपची पहिली आवृत्ती तयार होण्याआधी असा प्रयोग करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही; तरीही तो टाळला जातो, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

देणाऱ्याची गरज : वाटप ॲपची आखणी करणारे बहुधा घेणाऱ्याच्या गरजेपासून सुरुवात करतात, कारण कोणाला तरी काहीतरी हवे आहे हे सहज समजते. व्यवहारात मात्र फुकट मिळणाऱ्या चांगल्या वस्तूला मागणी लवकर येते. तुटवडा असतो तो देणाऱ्यांचा. देणाऱ्याला विचारले तर तो मदत, पर्यावरण, शेजारधर्म अशी उत्तरे देतो. ती खोटी नसतात, पण अपुरी असतात. वस्तू टाकवत नाही आणि ठेववतही नाही, अशी त्याची अवस्था असते आणि तिच्यातून मन न खाता मोकळे होणे ही त्याची खरी गरज असते. प्रवासाला निघण्याची आदली रात्र, घर बदलण्याचा आठवडा, समारंभ संपल्यानंतरचा तास, मुलाला कपडे लहान झाल्याचे लक्षात आलेला दिवस, अशा ठरावीक क्षणी ती उद्भवते. म्हणून वय, उत्पन्न, शिक्षण यांवरून वापरकर्त्यांचे गट पाडण्यापेक्षा प्रसंगांवरून पाडलेले गट अधिक उपयोगी ठरतात. एकच गृहिणी प्रवासाच्या आदल्या रात्री घाईत असते आणि माळा आवरताना निवांत असते. तिला त्या दोन वेळी एकच अर्ज भरायला लावणे चुकीचे ठरते.

घाईच्या प्रसंगी देणाऱ्याला हवी असते कमीत कमी टंकनात होणारी नोंद आणि वस्तू आज जाईल की नाही याचा अंदाज. निवांत प्रसंगी त्याला निवडीचा अधिकार हवा असतो. आजीची शिवणयंत्रे, मुलांचा पाळणा अशा भावना गुंतलेल्या वस्तू 'आधी येईल त्याला' या न्यायाने जाव्यात असे त्याला वाटत नाही. त्या वापरणाऱ्याच्या हाती जाव्यात, विकून टाकणाऱ्याच्या नव्हेत, अशी त्याची अपेक्षा असते. देणाऱ्याला सर्वांत अधिक दुखावणारी गोष्ट मात्र दोन्ही प्रसंगी सारखीच आहे : 'येतो' म्हणून न आलेला माणूस. पैसे मोजले नसल्यामुळे घेणाऱ्याचे न येण्याने काहीच जात नाही आणि देणाऱ्याची अख्खी संध्याकाळ जाते. ठरलेली वेळ दोघांनाही आठवण करून देणे, न येणाऱ्याची नोंद ठेवणे, दुसऱ्या इच्छुकाला आपोआप पुढे आणणे या सुविधा दिसायला दुय्यम असल्या, तरी देणारा दुसऱ्यांदा परत येईल की नाही हे त्यांवरच अवलंबून असते.

घेणाऱ्याची बाजू : घेणाऱ्याची अडचण बहुतांशी संकोचाची असते. फुकट घेणे म्हणजे याचना, ही भावना जितकी तीव्र तितकी खरी गरज असलेली माणसे ॲपपासून दूर राहतात. भेटवस्तूमध्ये परतफेडीचे बंधन दडलेले असते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२० च्या दशकातच मांडले होते. अनोळखी माणसाकडून घेतलेल्या डब्याबाबतही ते बंधन जाणवते. म्हणून घेणाऱ्याला आपली परिस्थिती सांगायला लावणारा 'तुम्हाला हे का हवे आहे?' असा रकाना त्याचा मान कमी करतो. देणाऱ्याला निवडीचा अधिकार आणि घेणाऱ्याला मान या दोन गरजा येथे एकमेकींशी भिडतात व त्यांचे पूर्ण समाधान एकाच पडद्यावर होत नाही. जर्मनीतील फूडशेअरिंगने सार्वजनिक फडताळे व शीतकपाटे ठेवून वेगळा मार्ग काढला : देणारा ठेवून जातो, घेणारा उचलून नेतो, भेट होतच नाही. त्यात संकोच राहत नाही, पण ओळखही वाढत नाही आणि स्वच्छतेची जबाबदारी कोणाची हा नवा प्रश्न उभा राहतो.

अन्न आणि वस्तू यांतील भेद : दोन्ही एकाच ॲपवर असली तरी त्यांच्याविषयीच्या गरजा फार निराळ्या असतात. खुर्ची महिनाभर थांबू शकते, शिजवलेले अन्न थांबत नाही. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि ते ५ अंश सेल्सिअसखाली किंवा ६० अंशांवर ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे अन्नाच्या नोंदीत अंतर व वेळ यांना जे स्थान आहे, ते वस्तूच्या नोंदीत माप व वजन यांना आहे. कपाट न्यायला वाहन लागेल का आणि ते जिन्यातून उतरेल का, हे आधी कळले नाही तर फेरी वाया जाते.

अन्नाबाबत विश्वासाचा प्रश्न सर्वांत खोल असतो. वेष्टनावरील तारखांचे दोन अर्थ अनेकांना वेगळे करता येत नाहीत : एक तारीख गुणवत्तेची असते व ती उलटल्यावरही अन्न खाण्याजोगे असू शकते, दुसरी सुरक्षिततेची असते व ती उलटलेले अन्न देऊ नये. युरोपीय संघाच्या नियमांत ती दुसरी तारीख उलटलेले अन्न असुरक्षित समजले जाते आणि त्याच नियमांत वावडे निर्माण करणाऱ्या १४ घटकांची माहिती देणे खाद्यव्यावसायिकांना बंधनकारक आहे. घरी स्वयंपाक करणाऱ्याकडून तितक्या काटेकोरपणाची अपेक्षा करता येत नाही, पण शेंगदाणे किंवा दूध आहे का, एवढे विचारणारा प्रश्न नोंदीच्या वेळी पडद्यावर असला तर पुढचे अनेक निरोप वाचतात. भाषेचाही येथे विचार करावा लागतो. मराठीत 'उरलेले', 'शिळे' आणि 'उष्टे' हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यांपैकी शेवटचे अन्न कोणी घेणार नाही. तिन्हींना एकाच विभागात ढकलणारे भाषांतरित ॲप घेणाऱ्याच्या मनात पहिल्याच क्षणी शंका पेरते. अन्न बाधले तर जबाबदार कोण, ही धास्ती देणाऱ्यालाही असते. अमेरिकेत १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने सद्भावनेने अन्नदान करणाऱ्यांना संरक्षण दिले, परंतु त्याचा रोख ना-नफा संस्थांमार्फत होणाऱ्या दानावर होता. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला डबा त्यात सहज बसत नाही.

गरजा शोधण्याच्या पद्धती : थेट मुलाखतीची मर्यादा येथे लवकर कळते. अन्न टाकणे लाजिरवाणे मानले जात असल्याने लोक आपली नासाडी कमी सांगतात. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात घरातून काय बाहेर गेले, कधी व कसे' असे घडलेल्या प्रसंगाविषयी विचारणे, आठवडाभराची रोजनिशी लिहून घेणे किंवा संमतीने शीतकपाट व माळा यांची पाहणी करणे अधिक फलदायी ठरते. ज्यांनी वस्तू देण्याचे ठरवले आणि शेवटी कचऱ्यात टाकली, अशांशी केलेले संभाषण तर सर्वांत मोलाचे, कारण ॲपला जिंकायचे असते ते त्याच क्षणी. एकट्या राहणाऱ्या स्त्रिया घराचा पत्ता देण्यास का कचरतात, वृद्धांना नकाशा वाचता येतो का, अशा बाबीही प्रत्यक्ष भेटीतच उघड होतात; पत्ता व्यवहार ठरेपर्यंत झाकून ठेवणे आणि अंदाजे अंतर दाखवणे ही बहुतेक ॲपनी स्वीकारलेली तडजोड आहे.

संख्येचा एक पेचही आकलनाच्या कामात येतो. एका वस्तीत पुरेशी माणसे नसतील तर ॲप उघडणाऱ्याला रिकामा पडदा दिसतो, आणि त्याने ॲप काढून टाकले तर त्यावरून त्याची गरज नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून एका शहरभर विरळ पसरण्याऐवजी मोजक्या गल्ल्यांत दाट वापर होऊ देऊन मगच निरीक्षण करावे लागते. उलट्या बाजूनेही आकडे फसवतात. काही महिने नियमित देणाऱ्या घराच्या नोंदी अचानक घटल्या तर व्यवस्थापक त्याला सूचना पाठवून परत बोलावू पाहतो. प्रत्यक्षात दर आठवड्याला काय उरते हे पाहून त्या घराने खरेदीच कमी केलेली असू शकते.