लेझी रिव्हर

लेझी रिव्हर : वॉटर पार्कमध्ये बांधलेला, नदीसारखा वळणावळणाचा, दोन्ही टोके एकमेकांना जोडलेला उथळ कालवा. ‘संथ नदी’ किंवा ‘प्रवाही तलाव’ असाही उल्लेख आढळतो. कालव्यातील पाणी पंपांच्या साहाय्याने सतत एकाच दिशेने फिरते ठेवतात आणि लोक हवा भरलेल्या ट्यूबवर रेलून त्याच्यासोबत वाहत जातात. खोली बहुधा पाऊण ते सव्वा मीटर व पात्राची रुंदी ३ ते ६ मी. असते. वेग ताशी २ ते ४ किमी., म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका ठेवतात. पोहता येणे आवश्यक नसते. लहान मुलांना मात्र तरंगते जाकीट घालावे लागते.

उगम : पहिली लेझी रिव्हर कोणती याबद्दल एकमत नाही. हा मतभेद तारखांचा कमी आणि व्याख्येचा जास्त आहे. बंदिस्त पात्रातून पाणी गोल फिरवणे हे मुख्य लक्षण मानायचे, की पाण्यात उतरलेल्या माणसाने हातपाय न हलवता वाहत जाणे हे, यावर उत्तर बदलते.

पहिले लक्षण महत्त्वाचे मानणारे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘ओल्ड मिल’ प्रकारच्या करमणुकीपर्यंत मागे जातात. तिच्यात अरुंद पाटातून होड्या सोडत. पाटात एके ठिकाणी बसवलेले पात्यांचे चाक पाणी पुढे ढकलत राही आणि होड्या अंधाऱ्या बोगद्यांतून वल्ह्यावाचून सरकत. पिट्सबर्गजवळच्या केनीवुड उद्यानातील ‘ओल्ड मिल’ (१९०१), इंग्लंडमधील ब्लॅकपूलच्या ‘रिव्हर केव्ह्ज’ (१९०५) आणि मिनेसोटा राज्याच्या जत्रेतील ‘ये ओल्ड मिल’ (१९१५) ही याची ठळक उदाहरणे. यंत्रणेच्या बाजूने नाते उघड आहे. पण तिथे प्रवासी कोरडाच राहतो, पाणी फक्त होडी हलवण्यापुरते. त्यांना पूर्वज म्हणणे योग्य. पहिली लेझी रिव्हर म्हणणे ओढूनताणून वाटते. याच संदर्भात बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहातील लाटांच्या तलावाचे (१९२७) किंवा ॲरिझोनातील ‘बिग सर्फ’चे (१९६९) नाव कधीकधी घेतले जाते. लाट पाण्याला मुख्यतः जागच्या जागी हलवते, वाहून नेत नाही. त्यामुळे तो संबंध दूरचाच मानावा लागतो.

दुसरे मत नैसर्गिक नद्यांकडे बोट दाखवते. टेक्सासमधील न्यू ब्रॉनफेल्स या गावातून वाहणारी कोमल नदी जेमतेम ४ किमी. लांबीची आहे. झऱ्यांचे पाणी असल्याने तिचे तापमान वर्षभर २१° ते २३° से. च्या आसपास राहते. ट्रकच्या टायरमधील जुन्या रबरी ट्यूबवर बसून या नदीतून वाहत जाण्याची रीत तिथे वॉटर पार्क येण्याआधीपासून होती. याच नदीच्या काठी हेन्री कुटुंबाने १९७९ मध्ये ‘श्लिटरबान’ हे उद्यान सुरू केले. त्याच्या जुन्या भागातील घसरगुंड्यांना नदीचेच पाणी पुरवले जाई. ट्यूबवर बसलेल्या माणसाला खाली न उतरवता पाण्यानेच एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे पोचवायचे, ही कल्पना पुढे याच उद्यानाने तडीस नेली. अमेरिकेत वॉटर पार्कचा इतिहास मात्र सामान्यतः जॉर्ज मिले यांनी १९७७ मध्ये ऑरलँडो येथे काढलेल्या ‘वेट एन वाइल्ड’पासून सांगितला जातो. त्याच्या एक वर्ष आधी उघडलेले डिस्नेचे ‘रिव्हर कंट्री’ हे सरोवराकाठचे छोटे जलोद्यान काहीसे मागे पडते.

तिसरा दावा जपानचा. टोकियोतील तोशिमाएन या उद्यानाने १९६५ मध्ये ‘नागारेरु पूरु’, म्हणजे वाहता तलाव, लोकांसाठी खुला केला आणि तो जगातील पहिला असल्याचे तेथे सांगितले जात असे. हे उद्यान ३१ ऑगस्ट २०२० रोजी कायमचे बंद झाले. त्याच्या काही जागेवर आता चित्रपटविषयक प्रदर्शनस्थळ आहे. जपानमध्ये हा प्रकार सर्रास रुजला असून टोकियो समरलँडमधील असा तलाव सु. ६५० मी. घेराचा आहे. बांधलेले पात्र, यंत्राने फिरवलेले पाणी आणि त्यात उतरलेला माणूस या तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या, तर तोशिमाएनचा दावा अधिक भक्कम ठरतो. मात्र जपानी तलावात लोक पोहतात, प्रवाहाच्या जोरावर चालतात, मुले बसलेली तरंगती कडी धरून पळतात. ट्यूबवर पाठ टेकून काहीही न करणे हाच खेळ, ही समजूत टेक्सासकडून आली असे मानायला हरकत नाही.

रचना व जलगतिशास्त्र : नदी उताराने वाहते, लेझी रिव्हरला मात्र उतार देता येत नाही, कारण पाणी पुन्हा सुरुवातीच्या जागी यायचे असते. तळ जवळजवळ सपाट ठेवून भिंतींशी व तळाशी होणाऱ्या घर्षणात जेवढी ऊर्जा जाते तेवढीच पंपांनी भरून काढायची, हे तिचे तत्त्व. ही ऊर्जा आश्चर्य वाटावे इतकी थोडी असते. ४ मी. रुंद, ०.९ मी. खोल व ३०० मी. घेराच्या पात्रात सेकंदाला ०.८ मी. वेग ठेवायचा आहे असे धरू. पात्रात सु. १,०८० घन मी. पाणी असेल, एका छेदातून सेकंदाला सु. २.९ घन मी. पाणी जाईल आणि फेरी सव्वासहा मिनिटांत पुरी होईल. उघड्या पात्रातील प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात गुळगुळीत काँक्रीटसाठी खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३ घेतला, तर संपूर्ण फेरीत घर्षणामुळे खर्च होणारी पाण्याची उंची (म्हणजे घर्षण भरून काढायला पाणी जेवढे उचलावे लागेल तेवढी) केवळ ६ सेंमी. निघते आणि त्यासाठी लागणारी शक्ती पावणेदोन किलोवॉटच्या आसपास येते.

प्रत्यक्ष पंप याच्या कित्येक पट मोठे बसवावे लागतात. वळणे, पूल, धबधब्यांचे पडदे आणि मुख्य म्हणजे पाण्यात लोंबणारे शेकडो पाय प्रवाहाला अडवतात. दुपारी गर्दी वाढली की वेग उतरल्याचे सहज जाणवते. पण मोठा अपव्यय ढकलण्याच्या पद्धतीतच असतो. जुन्या व लहान कालव्यांत भिंतीतील किंवा तळातील तोट्यांतून पाण्याचा जोरदार झोत सोडतात. सेकंदाला ५-६ मी. वेगाचा झोत ०.८ मी. वेगाच्या पाण्यात मिसळताना त्याची बरीचशी ऊर्जा भोवऱ्यांतच विरते. म्हणून मोठ्या कालव्यांसाठी पंख्यासारखी पाती असलेले अक्षीय पंप सोयीचे ठरतात. ते पाणी फार उचलत नाहीत, पण भरपूर पाणी सावकाश सरकवतात. गाळणी व क्लोरीनची यंत्रणा यापासून वेगळी असते. पंप बंद केल्यावर पाणी लगेच थांबत नाही. हजारभर टन पाण्याला एकदा लाभलेली गती ओसरायला वेळ लागतो.

वर पाहणाऱ्याला हा प्रवाह शांत वाटला, तरी शास्त्राच्या भाषेत तो शांत नसतो. वरील उदाहरणात रेनॉल्ड्स अंक (प्रवाह थराथराने वाहील की ढवळलेला असेल हे सांगणारा अंक) पाच लाखांच्या घरात जातो. प्रवाह स्तरीय, म्हणजे थराथराने वाहणारा, न राहण्याच्या मर्यादेपेक्षा हा आकडा शेकडो पट मोठा आहे. म्हणजेच प्रवाह पूर्णपणे संक्षुब्ध, भोवऱ्यांनी ढवळलेला असतो. फ्रूड अंक (प्रवाहाचा वेग व उथळ पाण्यावरील लाटेचा वेग यांचे गुणोत्तर) मात्र ०.२७ च्या आसपास, म्हणजे १ पेक्षा बराच कमी असल्याने पृष्ठभागावर उसळी येत नाही, आणि दिसणारी शांतता ती हीच. तरंगत्या वस्तूचा वेग पाण्याच्या सरासरी वेगाहून थोडा अधिक असतो. नदीचा विसर्ग (सेकंदाला वाहणारे पाणी) मोजताना तरंगत्या वस्तूच्या वेगाला सु. ०.८५ ने गुणतात, ते याच कारणाने. ट्यूबवरचा माणूस त्यामुळे पाण्याच्याही किंचित पुढे असतो.

वळणावर ट्यूबा बाहेरच्या भिंतीकडे का लोटल्या जातात, हा प्रश्न ज्याला पडला नाही असा प्रवासी विरळा. वळताना पृष्ठभागावरचे वेगवान पाणी बाहेर फेकले जाते, भिंतीशी खाली वळते आणि तळावरून आतल्या बाजूला परत येते. मुख्य प्रवाहावर असा एक आडवा पीळ चढतो. कपातला चहा ढवळल्यावर चहापत्ती कडेला न जाता तळाच्या मध्यभागी का गोळा होते, याचे अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये दिलेले स्पष्टीकरण हेच; त्यावरून त्यांनी नद्यांची वळणे कशी वाढतात तेही दाखवले. ट्यूब वरच्या थरात असल्याने बाहेर जाते, तर केसांची रबरे, पट्ट्या आणि वाळू आतल्या कडेला तळाशी साचतात. ठिकाण ठाऊक असल्यामुळे सफाई कामगार जाळी प्रथम तिथेच फिरवतात. बाहेरच्या भिंतीशी ट्यूबांचा घोळका अडकला की कोणीतरी भिंतीला टाच लावून ढकलतो आणि सगळी रांग एकदम सुटते. हे होणार हे माहीत असल्याने काही आराखड्यांत बाहेरच्या भिंतीतून झोत सोडून ट्यूब मध्यावर आणतात.

सुरक्षितता : उथळपणामुळे धोका कमी वाटतो, आणि जीवरक्षकाचे काम अवघड होते ते नेमके याच समजुतीने. ट्यूबांनी पृष्ठभाग झाकला गेला, की खाली गेलेले मूल दिसत नाही. वळणे व खडकांचे देखावे नजर अडवतात. म्हणून एका जीवरक्षकाच्या नजरेचा टप्पा जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू व्हावा अशी मांडणी करतात. आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दर १० सेकंदांत नजर फिरवायची आणि संकटातील माणसापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोचायचे, हा ‘१०/२०’ नियम अमेरिकी उद्यानांत प्रचलित आहे. पाणी ओढून घेणाऱ्या जाळ्यांना शरीर किंवा केस चिकटण्याचा धोका असतो; त्यावर अमेरिकेने २००७ मध्ये संघीय कायदा करून सुरक्षित झाकणे बंधनकारक केली. पाण्यातून पसरणाऱ्या रोगांपैकी क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अधिक त्रासदायक आहे. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो आठवड्याहून अधिक काळ तग धरतो आणि ४ ते ६ मायक्रोमीटर आकारामुळे वाळूच्या गाळणीतून बऱ्याच अंशी निसटतो. म्हणून अतिनील किरणांची जोड देतात.

प्रसार व प्रकार : डिस्नेच्या ‘टायफून लगून’मधील (१९८९) ‘कास्टअवे क्रीक’ सु. ६४० मी. लांबीचा असून संपूर्ण उद्यानाला वेढा घालतो. ‘ब्लिझर्ड बीच’मधील (१९९५) कालवा सु. ९०० मी. आहे आणि त्यातील बर्फाच्या गुहेत छतावरून गार पाणी ठिबकते. अनेक ठिकाणी चढ-उताराचे जिने असल्याने तो फिरण्याचा रस्ताही ठरतो. उद्यानचालकांना त्याचे आकर्षण निराळे : रांग न लावता शेकडो माणसे एकाच वेळी त्यात सामावतात. लाटा व खळखळाट असलेल्या वेगवान प्रकाराला ‘ॲक्शन रिव्हर’ म्हणतात. ऑरलँडोच्या ‘अक्वाटिका’त (२००८) आणि ‘व्होल्कॅनो बे’त (२०१७) संथ व वेगवान असे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. सर्वांत लांब कोणता याबद्दलचे दावे तपासून घ्यावे लागतात, कारण दुबईच्या ‘अक्वाव्हेंचर’सारख्या ठिकाणी (सु. २.३ किमी.) संथ आणि खळखळत्या भागांची लांबी एकत्रच मोजलेली असते.

अमेरिकेत काही विद्यापीठांनीही क्रीडासंकुलात लेझी रिव्हर बांधल्या. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची २०१७ मध्ये उघडलेली नदी तर विद्यापीठाच्या ‘एलएसयू’ या आद्याक्षरांच्या आकाराची आहे. शुल्क वाढत असताना असा खर्च कशाला, या वादात तिचे उदाहरण वारंवार दिले गेले. विद्यार्थ्यांनीच मंजूर केलेल्या शुल्कातून ती उभी राहिली, असे समर्थकांचे उत्तर आहे. प्रवाहाविरुद्ध चालण्याचा व्यायाम ज्येष्ठ नागरिकांसाठी काही तलावांत सकाळच्या वेळी ठेवतात.